फारोच्या गाड्या आणि याकोबाचे सामान

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४५:१६-२८



ज्या अध्यायात योसेफ आपल्या भावांस ओळख देतो, त्याच अध्यायात फारो राजाची एक लहानशी आज्ञा आहे. वृद्ध याकोबास मिसरात आणण्यासाठी तो गाड्या देवितो, आणि घरच्या सामानसुमानाची हळहळ करू नका असे बजावितो. याकोब मिसरात पोहोचला तेव्हा १३० वर्षांचा होता. योसेफ जिवंत आहे हे ऐकून त्याचा विश्वास बसला नाही. पण त्या गाड्या दृष्टीस पडल्या, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ वडीलधाऱ्यांवर आज असाच प्रसंग येतो. मुले मुंबईपुण्यास स्थायिक झालेली. गावचे घर आवरून त्यांच्या दोन खोल्यांत जावयाचे. पितळी डबे, तांब्याचा हंडा, लग्नातील लाकडी पेटी, माळ्यावरची जुनी पुस्तके, ही सारी नेता येत नाहीत व टाकवतही नाहीत. कोणाच्या अंगणात झाकून ठेविलेली जुनी मोटार असते. ती विकण्याचे नाव निघाले की घरधनी उठून बाहेर जातो.

त्याचे दुःख हसण्यासारखे नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. तिलाच पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. मुंबईस कामाला गेलेल्या आपल्या कित्येक बांधवांनी काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिला पाहिले आहे. तिच्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तिची सोबतीण अॅम्बॅसडर २०१४ साली निघावयाची बंद झाली. ह्या गाड्यांचे बॉनेट उघडले की कार्ब्युरेटर, प्लग, कॉइल सारे डोळ्यांपुढे असे. नुसत्या आवाजावरून धनी तिचे दुखणे ओळखी, आणि वाटेवरचा मिस्त्री झाडाखाली बसून ते बरे करी. आजच्या गाडीचे दुखणे संगणक लावल्यावाचून बहुधा कळत नाही.

तथापि, पूर्वीचे दिवस आजच्याहून बरे का होते असे विचारणे शहाणपणाचे नव्हे, असे उपदेशक ७:१० मध्ये सांगितले आहे. अरण्यात इस्राएल लोकांना मिसरातील काकड्या व लसूण आठवले. मुकादमाचा चाबूक आठवला नाही. आपलीही आठवण अशीच अर्धी असते. जुनी मोटार पुष्कळ धूर ओकीत असे, आणि अपघातात जीव वाचविणाऱ्या फुगत्या पिशव्या तिच्यात नव्हत्या. त्या साध्या दिवसांत गावात मोटार एखाद्याच्याच दारी असे; अडलेल्या बाईस आपले लोक बैलगाडीतून किंवा झोळीतून दवाखान्यास नेत, आणि काही वाटेतच दगावत. ज्याला जुने दिवस आठवावयाचे आहेत, त्याने ह्या माताही आठवाव्या.

मग त्या लोखंडात आपले मन का गुंतते? त्या चाकांवर आपले तारुण्य गेले, आपल्या हातांत कसब होते, आणि चार माणसे मदतीसाठी आपल्या दारी येत. ते परत यावे असे वाटते. परंतु गाडी अंगणात गंजत ठेवून तारुण्य परत येत नाही. हातचे कसब मात्र शेजारच्या पोराला शिकविता येते, आणि दिल्याने ते कमी होत नाही.

ह्यास्तव तीन गोष्टी सांगतो. पहिली, खरोखर लागेल ते ठेवा. पौलाने बंदिवासातून त्रोवस येथे राहिलेला झगा, पुस्तके आणि विशेषेकरून चर्मपत्रे मागविली (२ तीमथ्य ४:१३). अंगाला ऊब आणि आत्म्याला अन्न, एवढेच त्याने मागितले. दुसरी, देणे ते जिवंतपणी व सर्वांसमक्ष द्या. याकोबाने डोळे मिटण्यापूर्वी प्रत्येक पुत्राला बोलावून आशीर्वाद दिला. एका हंड्यापायी सख्खे भाऊ प्रभुभोजनास एकत्र बसत नाहीत, असे घर प्रत्येक पाळकाला ठाऊक असते. तिसरी, व्यवहार चोख ठेवा. मोटार विकली वा कोणास दिली, तर नोंदणीपुस्तक घेणाराच्या नावे करून द्या, आणि तिचा दोष लपवू नका.

आणि मुलांनो, आईबापांना घाई करू नका. एकेक भांडे हाती घेऊन आई जे सांगते, ते ऐका. भांडे दुसऱ्या घरी गेले तरी ती गोष्ट तुमच्यापाशी राहील. उपदेशक बंधूंनी अशा घरी जाऊन एक दिवस सामान बांधू लागावे. त्या दिवशी तीच प्रार्थनासभा होय.

गाड्या पाहून याकोबाने काय म्हटले? आपला पुत्र जिवंत आहे, एवढे पुरे. मरणापूर्वी त्याला जाऊन पाहीन. कनानातून काय आणावे आणि काय सोडावे, ह्याविषयी त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. आपलाही योसेफाहून थोर असा प्रभू जिवंत आहे, आणि त्याने आपल्यासाठी जागा तयार केली आहे. तेथे जाताना कोणाच्याच हाती पेटी नसेल. तोवर हात रिकामे करण्याचा अभ्यास तो आपणां सर्वांस देवो. आमेन.