संत्र्याची तहान

फळझाडाने फळ द्यावे यासाठी वर्षातून काही काळ त्याला काहीतरी नाकारावे लागते, ही गोष्ट वऱ्हाडातील बागवानाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्या पोटी एक जुना धार्मिक प्रश्न दडून बसला आहे, याची त्याला जाणीवही राहत नाही. आणि ज्यांनी तो प्रश्न ग्रंथांतून वाचलेला असतो, त्यांना बहुधा बागेची माहिती नसते. क्लेशावाचून फल नाही, हा सिद्धांत आपल्याकडील बहुतेक पंथांनी कमीअधिक प्रमाणात स्वीकारला आहे. परंतु हा क्लेश कोणता, तो कोणी कोणास द्यावयाचा, किती मुदतीचा, आणि इतके करूनही फल न आल्यास त्याची जबाबदारी कोणाच्या शिरी, या बाबतींत उपदेशक जितके मोघम बोलतात तितका संत्र्याचा बागवान मोघम राहू शकत नाही, कारण त्याची चूक पुढच्या हंगामात वाळक्या फांद्यांच्या रूपाने चारचौघांच्या दृष्टीस पडते.

हा विचार सुचण्याचे निमित्त मात्र सफरचंदाचे आहे. लहानशा अंगणात सफरचंदाचे एक तरी झाड असावे, ही हौस आता वऱ्हाडातील मोझरी-तिवशाच्या मुलखापर्यंत येऊन पोचली आहे, आणि पैसे मोजले की रोपही मिळते. रोप मिळते, पण त्याला लागणारी थंडी विकत मिळत नाही. सफरचंदाचा डोळा शिशिरात निद्रिस्त असतो आणि ही निद्रा उबेने मोडत नाही, थंडीनेच मोडते. काश्मीर-हिमाचलातील प्रसिद्ध जातींच्या अंगावरून सात अंश सेल्सिअसच्या खालचे सुमारे हजार तास गेले, म्हणजे मग वसंतात सगळे झाड एकसमयावच्छेदेकरून जागे होते. आमच्याकडे पौषातली रात्र दहा अंशांवर उतरली की लोक शेकोटीभोवती गोळा होतात. सात अंशांखालचे हजार तास ही येथे कल्पनेच्या पलीकडची गोष्ट. तेवढी थंडी न मिळाल्यास झाड लगेच मरत नाही. काही डोळे फुटतात, काही मिटलेलेच राहतात, पाने फांदीच्या टोकाशी झुबक्याने उरतात, आणि फुलोरा आला तरी तुरळक व महिनोन्‌महिने रेंगाळणारा येतो.

यावर मनुष्याने उपाय शोधले नाहीत असे नाही. इस्रायलमधील एन शेमेर येथील किबुत्झात अब्बा स्टाइन यांनी सिद्ध केलेली ‘अ‍ॅना’, बहामा बेटांवर सापडलेली ‘डॉर्सेट गोल्डन’, आणि हिमाचलाच्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावी हरिमन शर्मा यांनी वाढविलेली ‘एचआरएमएन-९९’ (शर्मा यांच्या या उद्योगाची दखल २०२५ साली पद्मश्री देऊन घेण्यात आली), या जाती अल्प थंडीवर भागवितात. मात्र ‘अ‍ॅना’ला एकटीला नीट फळ धरत नाही, त्याच सुमारास फुलणारी ‘डॉर्सेट गोल्डन’ शेजारी लागते, म्हणजे लहान अंगणासाठी मागितलेले एक झाड व्यवहारात दोन होऊन बसते. जागा वाचावी म्हणून बुटक्या खुंटावरचे कलम निवडावे, तर त्या खुंटाची मुळे उथळ, आणि वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला की उथळ मुळाला प्रथम झळ लागते. पश्चिमेच्या उन्हाला आडोसा, बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन, आणि फळाच्या रंगारूपाविषयी माफक अपेक्षा, एवढ्या अटी मान्य असतील त्याने खुशाल लावावे.

याहून विलक्षण उपाय पूर्व जावातील आहे. मालांगजवळच्या बाटू या डोंगराळ गावी, विषुववृत्ताच्या इतक्या निकट की जेथे हिवाळा हा ऋतूच नाही, बागवान फळ उतरल्यानंतर सफरचंदाची पाने हाताने ओरबाडून झाड उघडे करतात. त्या उघडेपणाने डोळे फुटतात आणि वर्षातून दोनदा फळ मिळते. थंडी देता येत नाही म्हणून तिच्याऐवजी दुसरे काहीतरी हिरावून घ्यावे लागते. हिरावून घेणे मात्र चुकत नाही!

आता संत्र्याकडे वळू. मोझरीहून उत्तरेस मोर्शी-वरूडच्या बाजूला जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेल्या कलमांच्या बागा सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरल्या आहेत. संत्रे तरी आमच्या मातीचे मूळचे कोठे? नागपूरकर भोसल्यांनी ते औरंगाबादेकडून आणविले, अशी परंपरा आहे. तेव्हा परका आणि आपला हा भेद येथे गैरलागू समजावा. संत्रे येथे रुजले याचे कारण असे की, त्याला फुलण्यासाठी जो अभाव लागतो तो ही भूमी देऊ शकते. पाऊस सरल्यावर, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, बागवान पाणी बंद करतो. याला ताण देणे म्हणतात. थंडीही तेव्हा त्याच्या साहाय्यास येते, वाढ थांबते, नव्या पालवीवर खर्च होणारे अन्न फांद्यांत साठू लागते. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड-दोन महिने. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, आणि साधारण चौथा हिस्सा पाने गळाली की ताण पुरा झाला असे समजून खत घालून प्रथम हलके आणि मग बेताबेताने वाढते पाणी देतात. जानेवारी-फेब्रुवारीत झाड पांढऱ्या फुलांनी भरते. हा आंबिया बहार. मृगाचा बहार धरणारा हाच ताण उन्हाळ्यात देतो व पावसाने तोडतो.

पाणी अखंड मिळत राहिले तर हेच झाड हिरवेगार राहते, नवतीवर नवती फुटते, आणि पाहणाऱ्याला वाटते की किती सुखी झाड आहे; फक्त ते बहरत नाही. तपाचा महिमा सांगणाऱ्यास याहून सोयीचा दाखला मिळणे कठीण, आणि तो इतका सोयीचा आहे म्हणूनच त्याच्याविषयी सावध असावे, असे मला वाटते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे शारीर, वाङ्मय आणि मानस असे प्रकार सांगून पुन्हा सात्त्विक, राजस, तामस असा भेद केला आहे. मूढ आग्रहाने स्वतःस पीडा देणारे किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी आचरलेले तप तेथे तामस ठरविले आहे. गौतमाने सहा वर्षांच्या उग्र देहदंडनानंतर निरंजना नदीच्या काठी अन्न स्वीकारले आणि मध्यम मार्ग पत्करला, ती कथाही सर्वश्रुत आहे. या विवेचनाचा अधिकार मी नाकारीत नाही. परंतु गीतेतील वर्गीकरण मुख्यतः करणाऱ्याच्या बुद्धीकडे पाहते, तर बागवान झाडाच्या स्थितीकडे पाहतो, आणि निदान एका बाबतीत बागवानाची कसोटी अधिक कठोर आहे: सात्त्विक हेतूनेही झाड मरू शकते. म्हणून पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत झाडावर बहार धरीत नाहीत. ज्यात सल, म्हणजे वाळल्या काड्या, फार झाली आहे किंवा बुंध्याला डिंक्या लागला आहे अशा झाडाला ताणाखाली घालीत नाहीत. आणि पाणी बंद केल्यावर बागवान घरी निजून राहत नाही, रोज पान पाहतो. तान्ह्या मुलाला उपवास घडवून त्याचे पुण्य मोजणाऱ्या भाविकाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

मोझरीच्या संदर्भात हा प्रश्न निघाला की तुकडोजी महाराजांचे चरित्र डोळ्यांपुढे येणे अपरिहार्य आहे. यावलीत १९०९ साली जन्मलेला, वरखेडच्या अडकोजी महाराजांचा हा शिष्य कोवळ्या वयात रामटेक, सालबर्डीच्या अरण्यांत भटकला, तेथे त्याने साधना केली, आणि अरण्यातच राहून गेला असता तर कदाचित त्याची एखादी समाधी आणि वर्षातून एक यात्रा एवढेच शिल्लक राहिले असते. पण खंजिरी घेऊन तो गावांत परतला. १९३५ साली मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला. आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत गावची स्वच्छता, श्रम, शिक्षण, सामुदायिक प्रार्थना असल्या, वनवासी तपस्व्याला कदाचित क्षुद्र वाटतील अशा, विषयांनी मोठी जागा व्यापली. महाराजांच्या जीवनाकडे बागवानाच्या नजरेने पाहणे धार्ष्ट्याचे ठरेल. तरीही त्यांच्या अरण्यवासाला मुदत होती आणि ती संपल्यावर जे आले ते गावाच्या उपयोगी पडले, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. १९४२ साली सरकारने त्यांना पकडून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले, तो अभाव निराळ्या जातीचा. तो त्यांनी निवडलेला नव्हता, त्याची मुदत त्यांच्या हाती नव्हती, आणि कोंडणाऱ्याला त्यांच्या बहराची अपेक्षा तर मुळीच नव्हती.

येथेच खरी अडचण सुरू होते. २०१९ च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शीकडे विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल जाऊन कोरड्या निघाल्या, आणि उभ्या बागा वाळून गेल्या. त्या बागांतले पिवळे पान आणि ताणावर सोडलेल्या बागेतले पिवळे पान शेजारी शेजारी ठेवले, तर नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येणार नाही; झाडाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही ठिकाणी एकच तहान आहे. फरक आहे तो सगळा झाडाच्या बाहेर. ताण देणाऱ्याच्या विहिरीत पाणी असते, ते पुन्हा देण्याचा त्याचा निश्चय असतो, आणि कोणत्या दिवशी द्यावयाचे हे ठरविण्यासाठी तो बांधावर हजर असतो. दुष्काळात यांपैकी काहीच नसते. पूर्वी पिकांची आणेवारी पन्नास पैशांच्या खाली लागली की सरकारदप्तरी दुष्काळाची नोंद होत असे. मात्र दुःखात असलेल्या माणसाला ‘देव तुमची परीक्षा पाहतो आहे’ असे सांगताना त्याच्या वाट्याला ताण आला आहे की दुष्काळ, याची चौकशी कोणी करीत नाही.

भाविकाचे यावर उत्तर आहे, आणि ते दुबळे नाही. तो म्हणेल की, ईश्वराची विहीर कधी आटत नाही. मुदत त्याने मुक्रर केलेली आहे, फक्त ती तुम्हांला कळविलेली नाही. आणि झाडाला तरी ताणाची मुदत कोठे ठाऊक असते? झाडाच्या जागी उभे राहून या उत्तराचे खंडन करता येत नाही, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. ज्याच्यावर प्रसंग आला आहे तो स्वतः जर म्हणत असेल की हा मला ताण आहे, यातून बहार येईल, तर त्याच्या श्रद्धेत लुडबूड करण्याचा अधिकार कोणालाही नाही. कित्येकांना त्याच श्रद्धेने तगविले आहे, आणि तुरुंगातून बाहेर पडलेल्या अनेक थोरांनी आपल्या कोंडवाड्याचा असाच अर्थ नंतर लावला आहे. परंतु हे विधान उत्तमपुरुषी आहे तोवरच धर्म्य आहे. शेजारी बांधावर उभा असलेला, ज्याच्या स्वतःच्या विहिरीला पाणी आहे असा मनुष्य जेव्हा तेच विधान दुसऱ्याविषयी करतो, तेव्हा तो ईश्वराची बाजू मांडीत नसतो. पाणी देण्याच्या आपल्या कर्तव्याची तहकुबी मागत असतो. वऱ्हाडात कर्जाने आणि नापिकीने इतकी घरे उद्ध्वस्त झाल्यावरही व्यासपीठावरून क्लेशाची थोरवी गाणारे वक्ते मी पाहतो, तेव्हा मला त्यांच्या धर्मज्ञानाविषयी शंका येत नाही, विहिरीविषयी येते.

आणि सफरचंद आणखी एक गोष्ट दाखविते, जिचा तपाच्या चर्चेत क्वचितच विचार होतो. क्लेश योग्य मापाचा, योग्य मुदतीचा, प्रेमाने दिलेला असला तरी तो त्या जीवाच्या जातीचा असावा लागतो. संत्र्याचा ताण सफरचंदाला दिला तर त्याची थंडी भरून निघत नाही, ते केवळ तहानेले राहते. आणि सफरचंदाचा हिमवर्षाव संत्र्यावर पडला तर संत्रे करपून जाते. एका घरातील दोन भावंडांना एकाच शिस्तीच्या चरकातून काढणारे बाप, आणि सर्व शिष्यांना एकच व्रत सांगणारे गुरू, हे दोघेही चांगल्या हेतूनेच नुकसान करतात.

राहता राहिला अंगणातल्या झाडाचा प्रश्न. माझे मत विचाराल तर मोझरीतल्या लहान अंगणासाठी जंबेरीच्या खुंटावरचे संत्रे घ्यावे. डोळा जमिनीपासून वीतभराहून वर भरलेला आहे हे पाहून घ्यावे, आणि लावताना तो मातीखाली जाऊ देऊ नये. आळे दुहेरी करावे, म्हणजे पाणी बुंध्याला टेकत नाही. तोटा एकच आहे. अंगणातले झाड बहुधा न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढते, ते पाणी बारा महिने चालू राहते, आणि म्हणून घरोघरची अशी झाडे पानांनी डवरलेली आणि फळांविषयी उदासीन असतात. डिसेंबरात ताण द्यावयाचा तर न्हाणीचे पाणी दीड महिना दुसरीकडे वळविण्याची तजवीज करावी लागते, तशी सोय नसल्यास ते रोज बादलीने उपसून दूर टाकावे लागते. आणि जमीन भारी काळी असेल तर तेवढ्यानेही भागत नाही, आळ्याबाहेर हात-दीड हात खोल चर खणून ठेवावा लागतो, तो पावसाळ्याच्या आधीच.