सूर कोणाचा?

पुतण्या बास गिटार वाजवतो, तीही बिनपडद्यांची. मी म्हटलं, "अरे, १९५१ साली फेंडरने बासला पडदे बसवले, ते बोट चुकू नये म्हणून. नावच मुळी 'प्रिसिजन'!"

"काका, १९७६ च्या रेकॉर्डवर जाको पास्टोरियसची बिनपडद्यांची बास ऐका. गाते! पडदे असले की सूर पडद्यांचा, नसले की आपला."

झालं, झोप उडाली. बावीस वर्षं कॅश सांभाळली, पैशाचा फरक नाही. पण डोक्यावर ऑफिसर, पाठीशी ऑडिटर. मग तो प्रामाणिकपणा माझा, की पडद्यांचा?

परवा भाजीवाल्याने चुकून पन्नास रुपये जास्त दिले. आसपास ऑडिटर नव्हता. परत केले हो! पण कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्यावर.