लग्नाची वर्षे आणि सोबतीचे महिने

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. महाराष्ट्राचा आकडा तेव्हा ९२९ होता. या फरकाचे कौतुक करण्याची पद्धत आहे, पण त्यामागचे मुख्य कारण सगळ्या कोकणाला ठाऊक आहे: कमावता पुरुष मुंबईत, नाहीतर आखातात, नाहीतर जहाजावर. गिरण्यांच्या काळापासून इथली घरे मनीऑर्डरीवर चालली. आता पैसे मोबाइलवर येतात, इतकेच. अशा जिल्ह्यात मूल न होण्याचा विचार करताना पिढ्यान्‌पिढ्या एक चूक होत आली आहे. लग्नाला किती वर्षे झाली हे सगळे विचारतात. त्यातले किती महिने नवरा-बायको एका घरात होते, हे कुणी विचारत नाही. आणि हिशेब काहीही निघो, दवाखान्याची पायरी आधी बाईच चढते. हा क्रम मुळातच चुकीचा आहे. आधी सोबतीचे महिने मोजावेत आणि तपासणीची सुरुवात पुरुषापासून व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

पहिला मुद्दा निव्वळ गणिताचा आहे. वर्षभर, कोणतेही साधन न वापरता, नियमित संबंध येऊनही गर्भ राहिला नाही तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर डॉक्टर सहा महिन्यांतच तपासण्या सुरू करायला सांगतात. यातला ‘नियमित’ हा शब्द आपल्याकडे गाळला जातो. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम बारा ते चोवीस तास टिकते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात फार तर पाच दिवस तग धरतात. म्हणजे महिन्यातले गर्भधारणेला उपयोगी दिवस सुमारे सहा. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात असा तीनदा आठ-आठ दिवस गावी येतो असे धरले, पाळी अठ्ठावीस दिवसांची धरली, तर त्याच्या मुक्कामात त्या सहांपैकी एखादा तरी दिवस सापडण्याची शक्यता दर खेपेला निम्म्याहून कमी भरते. पाच वर्षांत पंधरा खेपा, आणि संधी जुळलेल्या साधारण सात. कायम एकत्र राहणाऱ्या निरोगी तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपासच असते. तेव्हा ‘पाच वर्षे झाली तरी पाळणा हलला नाही’ असे वाडीत बोलले जाते, त्या जोडप्याचे वैद्यकीय अर्थाने वर्षसुद्धा भरलेले नसते. त्यातल्या बाईला आजार आहे की नाही, हे अजून कुणालाच ठरवता येत नाही. तरी तोवर देवळात गाऱ्हाणे घालून झालेले असते, गुरवाकडून कौल घेऊन झालेला असतो, आणि पालखी दारात आली की सगळ्यांसमोर तिचीच ओटी भरून नवस बोलला जातो. नवसाला माझा आक्षेप नाही; तो दर वेळी एकाच माणसाच्या नावाने बोलला जातो, याला आहे.

दुसरा मुद्दा पुरुषाचा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकट्याने किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीने सापडते. ते सापडायला इतका वेळ लागतो, कारण पुरुषातला दोष बहुधा दिसतच नाही. संबंध व्यवस्थित, वीर्य नेहमीसारखे, तब्येत धडधाकट. मग शंका कशी यावी? पण वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी अल्प असतो, बाकी सगळा द्रव इतर ग्रंथींतून येतो. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यातही डोळ्यांना काही फरक कळत नाही. थोडक्यात, पुरुषत्व शाबूत असणे आणि शुक्राणू पुरेसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली समजते. काही खुणा मात्र विचारल्या तर मिळतात. लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याने झालेली शस्त्रक्रिया, वयात आल्यावर झालेले गालगुंड आणि तेव्हा अंडकोषाला आलेली सूज, वृषणावरच्या शिरा फुगणे म्हणजे व्हेरिकोसील, हर्नियाचे जुने ऑपरेशन, बरीच वर्षे अंगात मुरलेला मधुमेह, तंबाखू आणि दारू. जिममधली इंजेक्शने हा या यादीतला नवा भिडू. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेशच थांबतो आणि शुक्राणू बनणे मंदावते, कधी पूर्ण बंद पडते. पिळदार दंडांचा तरुण आणि रिकामा अहवाल ही जोडी आता डॉक्टरांना नवी नाही. कामाचे स्वरूपही विचारायला हवे. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आले की आपल्यापैकी कित्येकांना मुले होत नाहीत. तपासणीत डीबीसीपी या रसायनाने त्यांचे शुक्राणू घटवल्याचे, काहींचे पूर्ण नष्ट केल्याचे निघाले. तोवर त्या घरांत काय बोलले जात असेल, याची कल्पना आपल्याला सहज करता येते.

बाईच्या बाजूला खुणा अधिक बोलक्या असतात, फक्त त्यांना ‘बायकांचे असेच असते’ म्हणून झटकले जाते. पाळी पस्तीस दिवसांहून लांबणे, दोन-दोन महिने न येणे, हनुवटीवर राठ केस, वजन वाढत जाणे: यामागे बहुतेकदा पीसीओडी असते आणि स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नसते. पाळीत अंथरुणाला खिळवणारी वेदना वर्षानुवर्षे होत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायला हवा. लग्न झाले की पोटदुखी थांबेल, हा सल्ला त्यावरचा उपचार नव्हे. मूल नसताना स्तनांतून दूध येणे, थायरॉइडची लक्षणे, वारंवार गर्भपात, ओटीपोटातला जुना जंतुसंसर्ग यांची विचारपूस पहिल्याच भेटीत व्हावी. आपल्या देशात एक कारण खास लक्षात ठेवण्याजोगे आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि क्षय फुप्फुसांपुरताच राहत नाही. तो गर्भनलिकांत शिरला तर खोकला नाही, ताप नाही, गाजावाजा न करता नळ्या बंद करतो. कित्येकींना त्याचा पत्ता मूल होईना म्हणून केलेल्या तपासणीतच लागतो. आणि वय: तिशीच्या उत्तरार्धात स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता वेगाने उतरते. नवरा जहाजावर आहे म्हणून तिचे वय थांबून राहत नाही.

इथे आक्षेप येतो. बाईच्या शरीरात कारणे जास्त आणि गुंतागुंतीची. मग तिच्यापासून सुरुवात करण्यात काय वावगे? वावगे असे की दोन्हींचा खर्च आणि त्रास सारखा नाही. पुरुषाची तपासणी म्हणजे दोन ते सात दिवसांचा संयम, एक स्वच्छ बाटली आणि काही शे रुपये. सुई नाही, भूल नाही. तिच्या वाट्याला सोनोग्राफीच्या खेपा, पाळीशी ताळमेळ घालून करायच्या रक्ततपासण्या, नळ्यांत औषध सोडून काढायचा एक्स-रे आणि शेवटी दुर्बीण येते. सोपी आणि स्वस्त तपासणी आधी करावी, हे एरवी आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. दोघांची तपासणी एकाच आठवड्यात सुरू झाली तर उत्तमच. पण पुरुषाचा अहवाल हातात आल्याशिवाय बाईला टेबलावर घेऊ नये. एकाच अहवालावर विसंबू नये, हा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. आज कमी दिसलेल्या आकड्यामागे दोन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप असू शकतो. दोष दिसला तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. चांगला अहवालही हमी देत नाही.

अवघड आक्षेप तिसरा: अहवालात दोष निघाला तर पुरुष खचेल, संसार मोडेल; त्यापेक्षा बाईने बोल सोसलेला बरा. हे उघडपणे कुणी म्हणत नाही, पण वागणे याच हिशेबाने होते, आणि पुष्कळदा बायकोच नवऱ्याला पाठीशी घालते. ही समजूत जुनी आहे. मनुस्मृतीने अपत्यहीन पत्नीला आठ वर्षांची मुदत दिली आणि आठव्या वर्षी दुसरी करण्याची मुभा नवऱ्याला दिली. नवऱ्याची परीक्षा त्या हिशेबात नाही. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या द्विभार्येवर १९४६ साली कायद्याने बंदी आली, तोवर मुलासाठी दुसरे लग्न राजरोस होते. दुसरीलाही मूल झाले नाही तरी संशय पहिलीच्या पत्रिकेवर, नाहीतर दुसरीच्या पायगुणावर. आजचा कायदा निदान इतके तरी म्हणतो की हिंदू विवाह कायद्यात मूल न होणे हे घटस्फोटाचे कारण नाही. शिवाय अहवाल जोडप्याचा असतो. तो सासूला वाचून दाखवण्याचे बंधन डॉक्टरवर नाही. आणि दोष कळला तर वाट बंद होत नाही. १९८६ साली मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजांच्या चमूच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला, तेव्हा प्रयोगशाळेतली गर्भधारणा नवलाची होती. १९९२ नंतर एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत आली आणि अगदी थोडे शुक्राणू असलेल्या पुरुषांनाही बाप होता आले. न कळलेल्या दोषावर मात्र इलाज नाही, आणि त्याची किंमत बायकोच्या वयातून वसूल होते.

याच जिल्ह्यातल्या मुरूडचे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली. कर्वे यांचे नाव मूल नको असणाऱ्यांशी जोडले जाते, पण शरीराबद्दल लाज सोडून विचारावे आणि उत्तर पुराव्याने द्यावे, हा त्यांचा आग्रह मूल हवे असणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे. ते प्रश्न विचारणारे पुरुष नव्वद वर्षांपूर्वी होते. आज ते कुठे गेले, हे मला कोडे आहे.

लांजा-संगमेश्वरच्या वाडीतून ही तपासणी करणे खरेच अडचणीचे आहे, कारण नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचावा लागतो. रत्नागिरी, नाहीतर चिपळूण गाठावेच लागते. पण चाकरमान्याला ही सबब नाही. तो राहतो त्या मुंबईत उपनगराच्या नाक्यानाक्यावर पॅथॉलॉजी आहे, आणि या तपासणीसाठी बायको सोबत असण्याची गरज नसते. तिला गावाहून कोल्हापूरला नेण्याची तयारी चालली असेल तर तिच्या गाडीचे तिकीट काढण्याआधी आपली तपासणी करून घ्या, आणि या गणपतीला गावी येताना अहवाल सोबत आणा.