झाकली मूठ

आपल्या भाषेत सोसण्याला फार मोठा मान आहे. 'सोशिक' हा गुण आपण मुलीचे स्थळ सुचवताना आवर्जून सांगतो. मुलाविषयी तो कोणी सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हणही बहुधा सुनांच्याच वाट्याला येते. आणि 'नवऱ्याने मारले, पावसाने झोडपले, तर तक्रार कोणाकडे?' असे म्हणून आपण नवऱ्याला थेट पावसाच्या पंक्तीला नेऊन बसवतो. पाऊस काही जाणूनबुजून झोडपत नाही, हे या म्हणीच्या कर्त्याच्या लक्षात आलेले दिसत नाही. असो. सणासुदीला हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण सोसणे हा सद्गुण कुठपर्यंत राहतो, हा प्रश्न किरणजित अहलुवालियाची हकीकत वाचल्यापासून माझी पाठ सोडीत नाही.

किरणजित मूळची पंजाबची. पदवी घेऊन तिने कायद्याचा अभ्यास सुरू केला होता. १९७९ साली, पूर्वी कधी न पाहिलेल्या तरुणाशी लग्न लागून ती इंग्लंडात संसाराला आली. पुढची दहा वर्षे माराची होती. तिने दाद मागितलीच नाही, असेही नाही. १९८३ साली आणि पुन्हा १९८६ साली तिने न्यायालयातून नवऱ्याविरुद्ध मनाईहुकूम मिळवला. परंतु हुकूम कागदावर राहतो आणि बाईला घरात राहावे लागते. दोन लहान मुलगे, परका देश, आणि 'घराण्याची इज्जत' हा शब्द तर समुद्र ओलांडून तिच्याबरोबरच आलेला!

१९८९ च्या एप्रिलच्या सुमारास नवरा तीन दिवस घर सोडून गेला, तेव्हा तिने त्याला एक पत्र लिहिले. पुढे ते न्यायालयात आले. परत ये, एवढेच मागणे. आणि त्याच्या बदल्यात ती एकेक वस्तू सोडत जाते. काळी कॉफी पिणार नाही, हिरवी मिरची खाणार नाही, केस रंगवणार नाही, शेजारणीकडे जाणार नाही. तुला आवडत नसेल तर हसणारही नाही. मारझोडीची वर्णने मी पुष्कळ वाचली आहेत, पण त्या हिरव्या मिरचीपाशी मला थांबावे लागले. माणूस आतून किती झिजला म्हणजे मिरचीसुद्धा तहात लिहून देतो? आणि दुरून पाहणाऱ्याला ही बाई आदर्श सोशिकच वाटली असती.

त्यानंतर महिनाभरात, मे महिन्यातल्या एका रात्री, भांडण आणि धमक्या झाल्यावर नवरा झोपला असताना तिने त्याच्या खोलीत पेट्रोल टाकून आग लावली. काही दिवसांनी तो मरण पावला. एक माणूस जळून मेला, ही गोष्ट मला कमी लेखायची नाही. डिसेंबरात तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. खटल्यात तिने स्वतः साक्षही दिली नाही. दहा वर्षे आवळलेली मूठ ऐन वेळी उघडावी कशी?

त्या काळच्या इंग्रजी कायद्यात चिथावणीचा बचाव होता. पण १९४९ च्या एका निकालापासून मनाचा तोल 'अचानक' सुटला पाहिजे, अशी अट होती. भांडण आणि आग यांच्यात काही तास गेले होते. तेवढ्यात राग निवायला हवा होता, असे सरकार पक्षाचे म्हणणे. मला यात एक जुनाच अन्याय दिसतो. ज्याच्या मनगटात जोर आहे, त्याचा राग तत्क्षणी हाताबाहेर जाऊ शकतो. दुबळ्याला वाट पाहावी लागते. ज्या वाट पाहण्याला घरात आपण सोशिकपणा म्हणतो, तिलाच न्यायालय पूर्वनियोजन म्हणते. हे दोन्ही न्याय एकाच बाईला लावायचे म्हणजे तिने जावे कोठे?

तिच्या बाजूने उभ्या राहिल्या त्या लंडनमधल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थेच्या बायका. ही संस्था १९७९ सालचीच, म्हणजे तिच्या लग्नाच्या वर्षी निघालेली. आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन बायकांनी 'ब्लॅक' हे नाव मुद्दाम एकत्र लावून घेतले होते. घरे मोडणाऱ्या बायका म्हणून त्यांना आपल्याच समाजातून बोल लागत. गोऱ्यांच्या देशात आपली लक्तरे वेशीवर कशाला टांगता, हा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. परक्यांच्या कुत्सित नजरेत राहणाऱ्या समाजाला अब्रूची धास्ती असतेच. मात्र ती अब्रू राखण्याचा खर्च दर वेळी एकाच घटकाने का सोसावा, याचे उत्तर ते पुढारी देत नाहीत.

जुलै १९९२ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. चिथावणीचा मुद्दा तेव्हाही टिकला नाही. आधी पुढे न आलेला तिच्या नैराश्याचा वैद्यकीय पुरावा टिकला. सप्टेंबरात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा तिने कबूल केला आणि तुरुंगात काढलेला काळ हीच शिक्षा धरून ती सुटली. म्हणजे निर्दोष ठरली नाही, हे तिच्या चाहत्यांनीही विसरू नये.

इथे दुसरा प्रश्न येतो, आणि तो मला अधिक अवघड वाटतो. सुटलेल्या बाईने गप्प बसून आपली मुले वाढवली असती, तर तिला कोणी बोल लावावा काय? पूर्वी आपण तिला 'बोलू नकोस' म्हणत होतो. आता सभेत उभी करून 'बोल, इतरांसाठी बोल' म्हणू लागतो. दोन्ही वेळा हुकूम आपलाच. दुखणे भोगलेल्याने त्याचा दवाखाना काढलाच पाहिजे, असे कर्ज कोणावर नसते. किरणजित बोलली. रहिला गुप्ता यांच्यासह तिने १९९७ साली आपली कहाणी पुस्तकरूपाने मांडली, आणि घरातल्या छळाविरुद्ध ती जाहीरपणे बोलत राहिली. जखम भरली म्हणून ती बोलली, की बोलता बोलता भरत गेली, हे बाहेरून ठरवता येणार नाही. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. ते बोलणे तिने स्वखुशीने दिले, म्हणून त्याचे मोल.

तिच्यासारख्या खटल्यांवरून बरीच वर्षे वाद चालला. अखेर २००९ च्या कायद्याने चिथावणीचा तो जुना बचाव काढून टाकला आणि तोल सुटल्याचा नवा बचाव आणला. ऑक्टोबर २०१० मध्ये तो अमलात आला. त्यात स्वच्छ लिहिले आहे की, तोल अचानकच सुटला पाहिजे असे नाही.