याईर थांबला तेव्हा

आजचं वाचन: मार्क ५:२१-४३



गेल्या गुरुवारी सकाळी पावणेआठला मी चहा घेऊन बायबल उघडून बसले होते. संध्याकाळी तरुण संघात 'सेवा' या विषयावर बोलायचं होतं, त्याची टिपणं काढत होते. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या काकू, हातात मोबाईल. "अगं, ते हयातीच्या दाखल्याचं अ‍ॅप उघडतच नाहीये. बघतेस का जरा?"

नोव्हेंबर महिना, पेन्शनवाल्यांची दरवर्षीची धावपळ. मी गोड आवाजात म्हटलं, "काकू, रविवारी निवांत बघूया का?" त्या लगेच "हो हो, तुझ्या सवडीने" म्हणून गेल्या. दार लावलं, पुन्हा बायबलपाशी आले. समोर पान होतं मार्कचा पाचवा अध्याय. खरं सांगते, मला पुढे वाचवेना.

हा उतारा आपण संडे स्कूलपासून ऐकलाय. सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय. येशू लगेच निघतो. वाटेत तुडुंब गर्दी. त्या गर्दीत एक बाई आहे. बारा वर्षं रक्तस्राव, वैद्यांवर होतं नव्हतं ते सगळं खर्च झालेलं. लेवीयच्या पंधराव्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे ती अशुद्ध, म्हणजे तिने कुणाला शिवायचंसुद्धा नाही. ती मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते.

इथे काम झालेलं होतं. येशू तसाच पुढे गेला असता तरी ती बरी होऊन घरी गेली असती. पण तो थांबतो, मला कोणी शिवलं म्हणून विचारतो. शिष्यांना ते वेड्यासारखं वाटतं, कारण एवढ्या गर्दीत सगळेच धक्के देतायत. तरी तो शोधत राहतो. ती थरथरत पुढे येते, सगळं खरं सांगते, आणि तो तिला मुलगी म्हणून हाक मारतो. शरीर बरं झालं होतंच. आता तिला चारचौघांत नातं मिळालं.

अडथळ्याबद्दलच्या उपदेशात आपण सहसा इथेच थांबतो. 'येशू थांबला, तुम्हीही थांबा. आमेन.' पण मला आज याईराजवळ उभं राहायचंय. ती बाई बोलत होती तेव्हा त्या बापाच्या मनात काय चाललं असेल? आणि तेवढ्यात घरून निरोप येतो की मुलगी गेली.

प्रश्न अवघड आहे. मी कुणासाठी तरी थांबते तेव्हा त्याची किंमत नेहमी मीच मोजते असं नाही. बऱ्याचदा ती दुसरंच कोणीतरी मोजतं. मंडळीच्या सेवेत कायम 'उपलब्ध' असणाऱ्या माणसाच्या घरी मुलं जेवायची थांबलेली असतात. मग प्रत्येक अडथळ्याचं स्वागत करणं खरंच योग्य आहे का?

येशूनेही प्रत्येक वेळी होकार दिलेला नाही. मार्कच्या पहिल्याच अध्यायात (१:३५-३८) तो पहाटे एकांतात प्रार्थना करतो. शिमोन आणि सोबती येऊन सांगतात की सगळे तुला शोधतायत. तो त्या गर्दीकडे परत न जाता दुसऱ्या गावांकडे निघतो. आणि सहाव्या अध्यायात तो शिष्यांना विश्रांतीसाठी घेऊन जातो तर लोक आधीच तिथे हजर, आणि त्यांना पाहून त्याला कळवळा येतो. एकदा नाही, एकदा हो. यातून पक्का नियम काढता येत नाही. मला एवढंच दिसतं की आधी तो पित्याजवळ बसलेला असतो, आणि समोरच्याकडे नीट बघतो. मी गुरुवारी प्रार्थनेला बसले होते, पण काकूंकडे बघितलंच नव्हतं. मोबाईलवर दिवसभर टिंग टिंग वाजणाऱ्या प्रत्येक मेसेजला मी तत्काळ उत्तर देते. आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला रविवार दाखवते!

दुसरी गोष्ट याईराची. येशू त्या बाईसाठी थांबला, पण त्याने याईराला सोडून दिलं नाही. निरोप ऐकल्याबरोबर त्याला धीर दिला, त्याच्यासोबत घरापर्यंत गेला, मुलीचा हात धरला, आणि तिला खायला द्यायला सांगायलाही विसरला नाही. याईरही आधी कुणाच्या तरी वेळेत आलेला अडथळाच होता, कारण तो आला तेव्हा येशू सरोवराकाठी लोकांमध्ये होता. नाव आणि हुद्दा असलेल्या माणसासाठी येशू निघाला, आणि जिचं नावही लिहिलेलं नाही तिच्यासाठी थांबला. दोघांनाही तो पुरून उरला.

आपल्या महाराष्ट्रातच पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, मुख्यतः उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. मूळ आराखड्यात या मुली नव्हत्याच. पण त्यांच्यासाठी केडगावच्या शेतजमिनीवर 'मुक्ती' उभं राहिलं. आणि शारदा सदनातल्या आधीच्या मुलींनाही बाईंनी वाऱ्यावर सोडलं नाही.

गुरुवारी साडेआठला मी काकूंची बेल वाजवली. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायचे, दाखला तयार. दहा मिनिटांचं काम. मग त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षीपर्यंत हे सगळं तेच बघायचे गं." काका मार्चमध्ये गेले. हे मला ठाऊक होतं, पण सकाळी दारात ते आठवलं नव्हतं. मी बसले. उठले तेव्हा दहा वाजत आले होते आणि साडेनऊचा ऑफिसचा कॉल माझ्या सहकारी मैत्रिणीने एकटीने निभावला होता.

ती माझी याईर. आधीची मी 'सेवेत होते' म्हणून मोकळी झाले असते. या वेळी तिला फोन केला, माफी मागितली, कारण सांगितलं आणि शुक्रवारचं तिचं काम अंगावर घेतलं. कुणासाठी थांबायचं ठरवलं, तर आपल्यामुळे जो ताटकळला त्याच्याकडे परत जाणं हाही त्याच सेवेचा भाग आहे असं मला वाटतं.

आज तुमच्या दिवसात कोणीतरी न विचारता येईल. आधी बघा, मग हो की नाही ते ठरवा. आणि तुम्ही थांबलात, तर तुमचा याईर कोण आहे हेही विसरू नका.

प्रार्थना: प्रभू येशू, माझा दिवस तुझाच आहे, पण मी तो माझा समजून घट्ट धरून ठेवते. दारात कोण उभं आहे हे मला ओळखू दे. कुठे थांबायचं आणि कुठे पुढे जायचं ते दाखव. माझ्यामुळे ज्यांना वाट पाहावी लागते त्यांच्याकडे मला परत ने. आमेन.