कपडे होते ना

रस्त्यात एखाद्या अनोळखी बाईकडे मी दोन तास टक लावून पाहिलं तर चप्पल खाईन, आणि ती खायलाच हवी. रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी हेच पैसे भरून करतो. तिथे पाहिलं नाही तर सर ओरडतात.

सत्ताविसाव्या वर्षी लाईफ ड्रॉइंगच्या वर्गाला नाव घातलं, तेव्हा भीती चित्राची नव्हती. ते वाईटच येणार होतं. शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेनंतर हातात पेन्सिल धरली होती ती हिंजवडीतल्या ऑफिसात व्हाइटबोर्ड मार्कर सापडला नाही तेव्हाच. भीती स्वतःच्या डोळ्यांची होती. समोर कपडे नसलेलं माणूस आलं तर माझे डोळे काय करतील, आणि ते करत असताना चेहरा कसा ठेवायचा?

वर्ग पुण्यात पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भरतो. खिडक्यांना जाड पडदे, मध्ये लाकडी चौथरा, त्यावर एका बाजूने पडणारा दिवा, भोवती आम्ही बाराजण. काही ईझलपाशी उभे, बाकीचे डाँकीवर. डाँकी म्हणजे दोन्हीकडे पाय टाकून बसायचं बाकडं, पुढच्या टोकाला ड्रॉइंग बोर्ड टेकतो. त्याला गाढवाचं नाव का दिलंय ते दुसऱ्या तासाला पाठ बोलायला लागली की कळतं. दारात एक स्टीलचा डबा असतो, फोन बंद करून त्यात टाकायचा. त्या डब्याकडे मी तेव्हा फार लक्ष दिलं नव्हतं.

मॉडेलला सगळे मावशी म्हणतात. पंचेचाळिशीच्या असतील. पहिले तीन रविवार त्या नऊवारीत बसल्या. चौथ्या रविवारी अंगावरची चादर बाजूला ठेवून चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. माझी भीती साधारण चार मिनिटं टिकली. कारण सुरुवातीच्या पोझ तीस सेकंदांच्या असतात. तीस सेकंदांत खांदा कुठे संपला तेही कळत नाही, वाईट विचार कधी करणार? मग एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. वीस मिनिटांच्या पोझपर्यंत पोचलो तेव्हा माझी एकच चिंता होती, कागद संपत आला होता आणि पाय काढायचे राहिले होते.

नवशिके सगळे हेच करतात. डोक्यापासून सुरू करतात, डोकं मोठं होतं, मग धड त्या मापाने, आणि पावलं कागदाच्या बाहेर. साधारण साडेसात डोकी म्हणजे एक माणूस, हे पाठ असूनही होतं. हात येत नाहीत म्हणून पाठीमागे लपवले जातात. उभ्या माणसाचं वजन एका पायावर असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली उभी रेष त्या पायाच्या टाचेजवळ पडायला हवी. माझ्या पहिल्या वीस चित्रांतल्या मावशी बघता बघता उताणं पडतील अशा उभ्या आहेत.

सर दोन गोष्टी शिकवत, आणि त्या दोन गोष्टींचं आपसात जमत नाही हे मला फार उशिरा कळलं.

पहिली गोष्ट: नाक काढू नकोस, नाकाखालची सावली काढ. डोक्यात 'डोळा' म्हणजे बदामाचा आकार असं जे चित्र बसलंय ते विसर, समोर जो आकार आहे तो काढ. बेटी एडवर्ड्सच्या १९७९ च्या गाजलेल्या पुस्तकात यासाठी एक व्यायाम आहे, नमुना उलटा ठेवून नक्कल करायची. उलटा ठेवला की चेहरा चेहरा राहत नाही, मेंदू मुकाट्याने रेषा बघायला लागतो. याने फरक पडतो, शपथेवर सांगतो. पण याचा अर्थ असा की चित्र नीट यायला समोरचं माणूस थोडा वेळ नाहीसं व्हावं लागतं. मावशींच्या जागी कोन, सावल्या आणि दोन आकारांमधल्या मोकळ्या जागा.

दुसरी गोष्ट जेश्चरची. किमॉन निकोलायडिसचं १९४१ मध्ये आलेलं पुस्तक सरांचं लाडकं. त्याचा सगळा भर शरीर दिसतं कसं यापेक्षा ते करतंय काय यावर आहे. कुठे ताण आहे, कुठला भाग भार घेतोय, कुठला सैल आहे. त्यासाठी सर आम्हालाही उभं करून ती पोझ घ्यायला लावायचे. कंबर दुखली की म्हणायचे, "आता काढ."

मला पहिली गोष्ट जमली आणि मी हुरळलो. नुसतं चित्र जमल्याचा आनंद नव्हता, आपण माणूस म्हणून सुधारलो असंही वाटायला लागलं. लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर मी लोकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. सुंदर, कुरूप हे शब्द गळून पडले. प्रत्येक मान मान म्हणून भारी वाटायची. त्याच सुमारास आयरिस मर्डॉकचं नाव कुठेतरी वाचनात आलं. 'द सॉव्हरिन्टी ऑफ गुड' या १९७० च्या पुस्तकात तिने एका सासूचं उदाहरण दिलंय. (इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञ बाईला नीतिशास्त्र समजावून सांगायला सासू-सूनच लागावी, याने मला आपल्या मालिकांबद्दल जरा आदर वाटला.) या सासूला सून उथळ, पोरकट वाटते. सासू वागायला मात्र अगदी व्यवस्थित, मनातलं बाहेर दिसू देत नाही. मग ती ठरवून पुन्हा बघते. आपण जुन्या वळणाच्या आहोत, मुलाबाबत मत्सरीही असू, हे मान्य करून बघते. आणि तिला हळूहळू तीच सून मोकळी, उत्साही दिसायला लागते. बाहेर काहीच बदललेलं नाही. मर्डॉक म्हणते, तरीही इथे काहीतरी नैतिक घडलंय. नीट, न्यायाने पाहणं हीच कृती आहे.

मला हे अगदी माझंच वाटलं. मी तर दर रविवारी दोन तास नीट पाहत होतो.

मग ऑगस्टमधल्या एका रविवारी ते चित्र आलं. मावशी खुर्चीत, नऊवारीत, एक पाय खाली, एक कडीवर, मान जराशी डावीकडे. चाळीस मिनिटांची पोझ, मध्ये एक सुट्टी. सुट्टीनंतर पुन्हा तसंच बसता यावं म्हणून सर पावलांभोवती खडूने खुणा करतात. तो चेहरा माझ्या हातून कसा आला मला सांगता येणार नाही. ओळखू येत होत्या. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखू येत होतं. घरी येऊन खिडकीच्या उजेडात फोटो काढला, इन्स्टाग्रामवर टाकला, लाईफ ड्रॉइंगचा हॅशटॅग दिला, वर्गाच्या पानाला टॅग केलं. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस लाइक. माझ्या मागच्या पोस्टला, ट्रेकच्या, एकवीस होते.

रात्री सरांचा फोन आला. "ते आधी काढून टाक. मग बोलू."

मी काढून टाकलं आणि मग वाद घातला. नग्न चित्र नव्हतं ते. कपडे होते ना. त्यात अश्लील काय? सरांनी शांतपणे सांगितलं. टॅगवर बोट ठेवलं की वर्गाचं पान उघडतं. त्या पानावर बाकीच्यांची चित्रं आहेत, त्यांत कपडे नाहीत, पण चेहरेही नाहीत, वर्गाचा तसा नियम आहे. मावशींच्या मुलीच्या कॉलेजातल्या कुणीतरी माझं चित्र पाहिलं, बोट ठेवलं, पान पाहिलं, आणि मुलीला पाठवलं. मावशींनी घरी सांगितलं होतं की त्या एका क्लासमध्ये झाडलोटीला जातात.

नियम मला माहीत होता. पहिल्या दिवशी सांगितला होता. माझ्या डोक्यात तो 'नग्न चित्रं टाकायची नाहीत' असा बसला होता.

याहून लाज वाटते ती एका गोष्टीची. रवी जाधव यांचा 'न्यूड' मी पाहिला होता. जे. जे. मध्ये मॉडेल म्हणून बसणारी आणि मुलापासून ते लपवणारी यमुना त्यात आहे. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीतून तो सिनेमा ऐनवेळी वगळला गेला तेव्हा मी चिडून स्टेटसही ठेवलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. सगळं कळत होतं, फक्त ते पडद्यावरच्या बाईबद्दल कळत होतं.

त्यानंतरचे काही दिवस मी नग्न चित्रांवरून झालेल्या भांडणांबद्दल वाचत बसलो. बहुधा स्वतःसाठी वकील शोधत होतो. योहान झोफानीचं १७७१-७२ मधलं चित्र आहे, लंडनच्या रॉयल ॲकॅडमीचे सदस्य मॉडेलभोवती जमलेत. अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर याही संस्थापक सदस्य, पण नग्न पुरुषासमोर बायका कशा असतील, म्हणून त्या दोघी भिंतीवरच्या तसबिरींत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात थॉमस एकिन्सने विद्यार्थिनींसमोर पुरुष मॉडेलचं कटिवस्त्र काढलं आणि त्याला संस्था सोडावी लागली. आपल्याकडे जे. जे. मध्ये १९२० च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी लाईफ क्लास रुजवला तेव्हाही हे भारतीय विद्यार्थ्यांना हवंच कशाला, हा प्रश्न होताच. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनावरून अकबर पदमसींवर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. या सगळ्या लढाया चित्रकाराच्या बाजूने वाचताना माझी छाती फुगत होती. आणि मग लक्षात आलं, सगळीकडे भांडण एकच आहे. कुणी पाहावं आणि कुणाला काय दाखवावं. झोफानीच्या चित्रात दोन नग्न पुरुष मॉडेल आहेत. चित्र सदस्यांचं आहे, त्यांचं नाही. भिंतीवर टांगलेल्या बायकांबद्दल आपण आज हळहळतो, आणि ते योग्यच आहे, पण त्या दोन पुरुषांना काय वाटलं असेल असा विचार माझ्याही मनात तोवर आला नव्हता.

मला वकील मिळाला नाही. 'कपडे होते ना' हा त्याच जुन्या भांडणातला युक्तिवाद होता आणि मावशींचा प्रश्नच तो नव्हता. उघडं शरीर त्यांना चालत होतं, त्या खोलीत, आम्हा बाराजणांसमोर, ठरलेल्या वेळेत. त्यासाठी त्या पैसे घेत होत्या. त्या पैशांत आम्हाला दोन तासांचा स्थिरपणा मिळत होता. चेहरा खोलीबाहेर नेण्याचे पैसे कुणी दिले नव्हते, आणि दिले असते तरी त्यांनी घेतले असते का हे विचारायला हवं होतं.

मराठीत चित्र 'काढतात'. पाणी काढावं, दूध काढावं, तसं. कुठूनतरी काहीतरी बाहेर येतं. मी म्हणत होतो चित्र माझं आहे. हात माझा, कागद माझा, चार महिन्यांची पाठदुखी माझी. हे खरंच आहे. पण ते निघालं कुठून?

मर्डॉककडे पुन्हा गेलो. तिच्या उदाहरणात सासूचं वागणं आधीपासून चांगलं असतं, नजर सुधारते. माझं बरोबर उलटं झालं होतं. नजर तयार झाली, म्हणजे तसं मला वाटत होतं, आणि वागणं तिच्या मागे आलंच नाही. मी धरून चाललो होतो की ते आपोआप येतं. मर्डॉकची यात चूक नसावी. सासू सुनेकडे पाहत होती. मी कोन आणि सावल्या पाहत होतो आणि त्यालाच माणूस पाहणं म्हणत होतो.

पुढचे दोन रविवार मावशी आल्या नाहीत. पहिल्या रविवारी सर माझ्याकडे बघून म्हणाले, "आज मॉडेल नाही. तू बस." ही शिक्षा होती की सोय, मी विचारलं नाही. शर्ट-पँटमध्येच बसलो. समोर स्विचबोर्ड होता. सातव्या मिनिटाला डावा पाय बधिर झाला, दहाव्याला नाक खाजायला लागलं. बघितलं जाण्याचा त्रास होईल वाटलं होतं, तो झाला नाही. त्रास दुसराच. बारा कोळशांची खरखर ऐकू येते आणि ते काय करताहेत ते आपल्याला दिसत नाही. पोझ संपल्यावर फिरून पाहिलं. एकीने माझं सुटलेलं पोट आणि मागे सरकलेले केस फार प्रेमाने काढले होते. "छान आलंय," मी म्हणालो, आणि लगेच तोंडातून निघून गेलं, "कुठे टाकू नकोस हां." मला गमवायला तसं काहीही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मावशी आल्या. वर्ग सुरू व्हायच्या आधी मी माफी मागितली. तयार करून आणलेलं वाक्य मध्येच अडकलं.

"पोरीला सांगणारच होते मी," त्या म्हणाल्या. "दिवाळीत. तिची परीक्षा झाल्यावर. कसं सांगायचं ते ठरवलं होतं." मग थोडं थांबून, "आता ती बोलत नाय."

यावर काय बोलतात मला माहीत नाही. मी ते चित्र सोबत आणलं होतं. गुंडाळी पुढे केली, म्हटलं, हे तुमच्याकडे ठेवा, किंवा फाडा. त्यांनी उलगडून खिडकीपाशी नेलं, पडदा जरा बाजूला केला. बराच वेळ बघत होत्या.

"चेहरा आलाय," त्या म्हणाल्या. "पाय चुकलेत."

मी बघितलं. माप बरोबर होतं, कडीवरचा पायही नीट आला होता.

"हा डावा सुजतो माझा. दुपारपर्यंत चप्पल जात नाय त्यात. तू दोन्ही सारखेच काढलेस."

चार महिने मी त्या पावलांभोवतीच्या खडूच्या खुणा पाहत होतो.

त्यांनी कागदाची चार वेळा घडी घातली आणि पिशवीत टाकला. चारकोल फिक्स केलेला नव्हता, घडीत चेहरा पुसला जाणार हे दिसत होतं. फिक्सेटिव्हचा स्प्रे माझ्या बॅगेतच होता. मी काही बोललो नाही. सरांनी दिवा लावला, मावशींनी डाव्या पायाखाली घ्यायला एक उशी मागितली, आणि मी ती आणायला उठलो.