नरो वा गैरहजरो वा

मोठ्या शहरातल्या कॉलेजात प्राध्यापक आपला विषय शिकवतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात तो विषय सोडून बाकीचं सगळं करतो. माझा विषय तत्त्वज्ञान. पण वेळापत्रक, गॅदरिंगचा मांडव, वृक्षारोपणाचे खड्डे (दरवर्षी तेच) आणि 'नॅक'च्या फायली यांतून सवड मिळाली तरच मला आत्म्याकडे बघता येतं. ही नॅक १९९४ साली बंगलोरला स्थापन झाली. त्याआधी कॉलेज चांगलं की वाईट, हे गावाला आपलं आपणच कळत असे.

तिसऱ्या वर्षाला माझे विद्यार्थी तीन. तिघांची हजेरी नावं पुकारून घेणं म्हणजे पंगतीत बसलेल्या घरच्याच माणसांची शिरगणती करण्यासारखं. तरी मी पुकारतो. कारण हजेरीपट हा आमच्या कॉलेजातला एकमेव ग्रंथ, जो वरपासून खालपर्यंत सगळे वाचतात. परीक्षेला बसायला पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. आणि विद्यार्थी घटले की वर्कलोड घटतं, वर्कलोड घटलं की मी घटतो.

दिवाळीनंतर तिघांतला एक दिसेनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळलं, वडिलांची कंबर धरलेली, मुकादमाकडून घेतलेली उचल तर फेडायचीच. म्हणून आईबरोबर हा ऊसतोडीला गेला. तोडणीला दोघांची जोडी लागते, तिला 'कोयता' म्हणतात. वडिलांच्या जागी अर्धा कोयता म्हणून आमचा तत्त्वज्ञ उभा राहिला. म्हणजे तिकडे त्याची हजेरी शंभर टक्के!

इकडे मी त्याच्या नावापुढे 'हजर' लिहू लागलो. पहिल्या दिवशी हात थरथरला, चौथ्या दिवशी अक्षर सुधारलं. त्याच आठवड्यात वर्गात कांट शिकवत होतो. एखादा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही योग्य भाव लावतो, पण तो धंदा टिकावा म्हणून. मग ते वागणं कर्तव्याला धरून असलं, तरी कर्तव्यासाठी आहे का? १७८५ सालचा हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि स्वतःच त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. मी खोटं लिहीत होतो ते पोराचं वर्ष वाचावं म्हणून, की माझा वर्ग वाचावा म्हणून?

कांटवर मात्र माझा थोडा राग आहे. जीव घ्यायला आलेल्याशीसुद्धा खोटं बोलू नये, असं या गृहस्थानं १७९७ साली लिहून ठेवलं. पण १७५५ ते १७७० अशी पंधरा वर्षं तोही पगाराविना, विद्यार्थी देतील त्या फीवर शिकवत होता. म्हणजे आमच्या भाषेत सी.एच.बी.वरच! वर्गातली डोकी त्यानंही मोजलीच असणार. आपला धर्मराज परवडला. एकदाच अर्धवट खोटं बोलला, तर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला. माझी स्कूटर आधीपासूनच चार बोटं खड्ड्यात. तिला आणखी खाली जायला जागा नव्हती.

होळी झाली आणि पोरगं परत आलं. रापलेलं, हातांना घट्टे पडलेले. मी मोठ्या औदार्यानं हजेरीपट त्याच्यापुढे धरला. वाटलं, पाया पडेल.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, पण मी नव्हतो की इथं."

"अरे, तुझ्यासाठीच केलं."

"ते खरंय सर. पण मी इथं हजर होतो, तर मग तिकडं ऊस कोणी तोडला?"

वीस वर्षं तर्कशास्त्र शिकवूनही याचं उत्तर मला सुचलं नाही. दयेपोटी मी त्याचे चार महिने खोडून टाकले होते. त्याची गैरहजेरी हीच त्याची कमाई होती, आणि मी तिच्यावर निळी शाई फिरवली होती.

मग तिघांचे जादा तास सुरू केले, सकाळी सातला. त्या वेळेला मला हजर राहणं जड गेलं, त्याला नाही. पटावरच्या खोट्या नोंदी लाल शाईनं दुरुस्त करून प्रत्येकीखाली सही केली. तरीही हजेरी कमी भरत होती, म्हणून सवलतीचा अर्ज लिहिला. ऑफिसातले भाऊसाहेब म्हणाले, "सर, कारण 'आजारपण' टाका. ते चालतं." मी 'ऊसतोड' लिहिलं. प्राचार्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला, आणि "पट दुरुस्त केल्याचं मला आधी का सांगितलं नाही?" असं दरडावून सही केली. ते दरडावणं रास्तच होतं.

पोरगं परीक्षेला बसलं. वर्ग तीनाचा तीनच राहिला आणि त्याबरोबर मीही. म्हणजे खरं बोलूनही फायदा माझा झालाच! हे कर्तव्य की धंदा, ते कांटलाच विचारायला हवं. मी आपला एवढंच ठरवलंय की, दुकानदार तर दुकानदार, पण यापुढे माप खोटं नको.

परवा पुन्हा हजेरी घेतली. त्याचं नाव पुकारलं. "हजर, सर!" असा खणखणीत आवाज आला. मी मान वर करून बघितलं. खरंच होता.